चारचौघांत नाव खराब झालं तर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की या वेळी नाव, पत, अब्रू या विषयावर प्रश्न पाठवा, आणि पत्रांचा अक्षरशः ढीग आला. बऱ्याच जणांनी शेवटी 'माझं नाव छापू नका' असं लिहिलंय, विषयच तसा आहे म्हणा, त्यामुळे कुणाचंच नाव छापत नाही, गावं तेवढी ठेवलीयेत. सारख्या प्रश्नांतला एकच निवडलाय, तेव्हा आपलं पत्र दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न (डोंबिवली): मी बरीच वर्षं घरगुती फराळ करून विकते. आजपर्यंत बोट दाखवायला जागा नव्हती. या दिवाळीत एका बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर चिवड्याचा फोटो टाकला, 'खवट निघाला, यांच्याकडून काही घेऊ नका.' मला इतका राग आला, मी लगेच खाली लिहिलं की तुम्ही डबा उघडा ठेवला असेल. मग काय, आणखी दोघी आल्या, आमचाही तसाच होता म्हणाल्या, आणि ऑर्डरी धडाधड कॅन्सल झाल्या. पुतण्या म्हणतो गूगलवर चांगले रिव्ह्यू विकत मिळतात, टाकून देऊ. मिस्टर म्हणतात गप्प बस, आठ दिवसांत लोक विसरतात. मी काय करू?

उत्तर: ताई, पुतण्याचं पण ऐकू नका आणि मिस्टरांचं पण ऐकू नका. चिवडा एखाद्या वेळी बिघडतो हे फराळ करणाऱ्या प्रत्येक घराला माहितीये, त्याने इतकी वर्षं कमावलेलं नाव एका दुपारी जात नाही. ते गेलं 'डबा उघडा ठेवला असेल' या तुमच्या ओळीने. तोपर्यंत एकच बाई बोलत होती, तुम्ही तिलाच खोटं पाडलंत म्हटल्यावर बाकीच्या दोघींना बोलणं भाग पडलं.

कॅडबरीने 2003 च्या ऑक्टोबरमध्ये अगदी हेच केलं होतं. मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या, महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, माल तपासायला घेतला, आणि कंपनीचं पहिलं म्हणणं काय, तर दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल. आता त्यात तथ्य असेलही, आपल्याकडे किराणा दुकानात चॉकलेटचा बॉक्स आणि गव्हाचं पोतं शेजारी शेजारी असायचं, पण एफडीएने उलट विचारलं की मग तुमचं पॅकिंगच असं कसं की अळी आत शिरते? दिवाळी तोंडावर, पेपरात रोज बातमी, आणि विक्री जवळपास 30 टक्क्यांनी खाली आली. मग त्यांनी जानेवारी 2004 मध्ये पॅकिंगच बदललं, आत चिकटबंद ॲल्युमिनियमची फॉइल आणि वरून सीलबंद कव्हर, खर्च वाढला तो गिऱ्हाइकावर टाकला नाही, आणि जाहिरातीत अमिताभ बच्चनला आणलं. लोकांच्या लक्षात अमिताभ राहिला. पण वेष्टन तेच जुनं आणि वर नुसता अमिताभ असं असतं, आणि पुन्हा एक अळी निघाली असती, तर काय झालं असतं बघा.

मिस्टर म्हणतात तो गप्प बसण्याचा प्रयोग 2015 मध्ये मॅगीवर झालाय. शिसं जास्त सापडल्याचे रिपोर्ट यायला लागले, पाकिटावर 'एमएसजी (म्हणजे अजिनोमोटो) घातलेलं नाही' असं छापलं होतं त्यावरही आक्षेप आला, आणि सुरुवातीचे बरेच दिवस कंपनी जवळजवळ मुकीच होती. 5 जूनला बंदी आली. पुढे 13 ऑगस्टला आपल्या मुंबई हायकोर्टाने ती बंदी रद्द केली, मान्यताप्राप्त लॅबमध्ये परत तपासण्या करायला लावल्या, त्यात मॅगी पास झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुकानात परत आली. म्हणजे शेवटी निकाल बाजूने लागला हो, पण तोवर तीस हजार टनांहून जास्त माल परत गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये जाळून झाला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला ते परवडलं, तुमच्याकडे वकिलांची फौज नाही आणि भट्टीही नाही. आठ दिवसांत लोक भांडण विसरतील, ते खरंय, पण पुढच्या दिवाळीला ऑर्डर द्यायची वेळ आली की हात दुसऱ्याच नंबरकडे जाईल, आणि का गेला हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही.

आणि रिव्ह्यू विकत घेण्याचं तर डोक्यातून काढूनच टाका. एका रात्रीत पंचवीस जणांनी 'अप्रतिम चव, जलद सेवा' लिहिलेलं डोंबिवलीतली कुठलीही गृहिणी दोन मिनिटांत ओळखते. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000 हे मानक 2022 पासून आहे, ते ऐच्छिक आहे, तुमच्या दारात कुणी इन्स्पेक्टर येणार नाही, पण सध्या एक शंका आहे ती चिवड्याबद्दल आहे, पुतण्याच्या आयडियेने दुसरी तुमच्याबद्दल तयार होईल.

मग करायचं काय? आधी स्वतः शोधा की बिघडलं काय. चिवड्यात खवटपणा बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतो, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप. खोबरं जुनं असेल तर तळताना कळत नाही, गरम असताना सगळंच छान लागतं, चार दिवसांनी डबा उघडला की वास येतो. दुसरं म्हणजे फोडणीला वापरलेलं तेल आधी तळणीचं होतं का, आणि चिवडा पूर्ण गार व्हायच्या आत पिशव्या सील केल्या का, घाईत हे होतं. त्याच घाण्यातलं पाकीट घरात उरलं असेल तर आजच फोडा आणि मिस्टरांना न सांगता खायला द्या.

मग त्या बाईंना फोन करा, मेसेज नको, फोनच. सफाई देऊ नका. पैसे परत करा, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या घाण्यातला चिवडा ज्यांना ज्यांना गेला त्या सगळ्यांचे करा, ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचेसुद्धा. त्यानंतर ग्रुपवर एकदाच लिहा, साधं: 'अमुक तारखेच्या चिवड्यात खोबरं जुनं निघालं, चूक माझी आहे, डबा उघडा ठेवला असेल असं मी म्हटलं ते चुकलं, त्या दिवशीचा चिवडा घेतलेल्या सगळ्यांचे पैसे परत करतेय.' बास. पुढे कुणी खोचक लिहिलं तरी उत्तर द्यायचं नाही. इथून पुढे प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख टाकून बाजूला ठेवत जा, ग्राहकाच्या पाकिटावरही तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर टाका. म्हणजे पुढच्या वेळी कुणी काही बोललं तर तुम्हाला अंदाजाने बोलावं लागणार नाही.

प्रश्न (इस्लामपूर): मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, आयुष्यात कधी कुणाचा रुपया बुडवला नाही. चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला अर्बन बँकेत जामीन राहिलो होतो. आता घरासाठी कर्ज मागायला गेलो तर दुसऱ्या बँकेने सांगितलं सिबिल खराब आहे. हप्ते त्याने थकवलेत, माझं नाव का खराब व्हावं? आणि बँकेने आधी त्याच्याकडून वसूल करायचं सोडून मला नोटीस का पाठवली?

उत्तर: गुरुजी, तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आलीत. मी स्वतः बरीच वर्षं सहकारी बँकेत वसुली बघितलीये, आणि सांगतो, जामीनदार म्हणून येणारी माणसं बहुतेक वेळा सज्जनच असतात, कारण बँकेला सही हवी असते ती सज्जनाचीच. शिक्षकाची तर आधी. पगार खात्यावर जमा होतो, माणूस बदली झाली तरी सापडतो आणि नोटीस आली की घाबरतो.

कायदा सरळ आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. आधी कर्जदाराला धुंडाळा, त्याचा ट्रॅक्टर विका आणि उरलं तर माझ्याकडे या, असं बँकेला म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे 1968 मध्येच सांगितलंय. सहकारी बँक असेल तर सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढून तुमच्या पगारातून कापणंही होऊ शकतं. 'नुसती सही तर केलीय' हे वाक्य मी टेबलापलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका.

आता सिबिल. सिबिल म्हणजे सरकारी खातं नव्हे, ती लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी एक कंपनी आहे, अशा भारतात चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. स्कोअर 300 ते 900 असतो, साधारण 750 च्या वर असला की बँकवाले खुर्ची देतात. तुम्ही जामीनदार आहात ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही दिसतं आणि भावाने थकवलेले हप्ते तिथे उमटतात. गावात तुमचं नाव सोन्यासारखं असेल, त्या रिपोर्टात गाव नाही. पारावर चार माणसं म्हणतील 'गुरुजींचा यात दोष नाही', रिपोर्टात एवढंच येतं की हप्ता किती दिवस थकला.

करायच्या गोष्टी. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आधी काढा, एजंटला पैसे देऊ नका. थकबाकीचे आकडे बरोबर आहेत का बघा, कारण भाऊ मधे काही भरत असेल आणि बँकेने कळवलं नसेल असंही होतं, जानेवारी 2025 पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती कळवायची आहे. चूक असेल तर लेखी तक्रार करा, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आकडे बरोबर असतील तर मात्र तक्रारीने काही होणार नाही, थकलेले हप्ते भरून खातं नियमित करणं हाच रस्ता. भाऊ भरत नसेल तर तुम्ही भरा आणि पावती तुमच्या नावाने घ्या, ते पैसे भावाकडून वसूल करायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. नात्यात ते जमेल का, हा प्रश्न कायद्याचा नाही. एकच जपा, बँक म्हणेल थोडी सूट देतो आणि सेटल करतो, तर रिपोर्टात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि घरकर्ज देणारा तो शेरा बघून परत खुर्ची काढून घेतो. झेपत असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्या आणि नाहरकत दाखला हातात घेतल्याशिवाय बँकेतून बाहेर पडू नका.

प्रश्न (नाशिक): आमच्या शेजारच्या मुलाच्या स्थळाची चौकशी करायला मुलीकडच्यांचा फोन आला होता. मुलगा पितो, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीये. मी 'चांगले लोक आहेत' म्हणून फोन ठेवला. रात्रभर झोप नाही. खरं सांगितलं असतं तर बदनामी झाली असती का?

उत्तर: काकू, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच, विचारणाऱ्याच्या हितासाठी, विचारलं तेवढंच आणि त्याच्यापुरतंच सांगितलंत तर बदनामीच्या कायद्यात त्यासाठी अपवाद ठेवलेला आहे. फक्त 'सगळ्यांना माहितीये' हे सोडून द्या. सगळ्यांना माहितीये म्हणजे बहुतेक वेळा एकाने पाहिलंय आणि बाकीच्यांनी ऐकलंय. जिन्यात झोकांड्या खाताना तुम्ही स्वतः पाहिलंय का? पाहिलं असेल तर परत फोन करा आणि म्हणा, मुलाच्या पिण्याबद्दल त्यांच्या घरच्यांना सरळ विचारा. पाहिलं नसेल तर 'मला नक्की माहिती नाही, अजून दोन ठिकाणी चौकशी करा' म्हणा, लग्नाच्या चौकशीत हे वाक्य कानावर पडलं की समोरचा काय ते समजतो.

प्रश्न (पुणे, सिंहगड रस्ता): मी आमच्या सोसायटीचा तीन वर्षं खजिनदार होतो, एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. नवीन कमिटीतल्या एकाने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की लिफ्टच्या कामात खजिनदाराने पैसे खाल्ले. दोनशे लोकांचा ग्रुप. बायको ग्राउंडवर फिरायला जायची बंद झालीये. मला त्याच्यावर आणि ॲडमिनवर केस करायचीये, सायबरमध्ये तक्रार देऊन आत टाकता येईल का?

उत्तर: काका, तुमचा संताप समजतो. वहिनींचं फिरणं बंद झालं हे वाचून आम्हालाही वाईट वाटलं. पण 'आत टाकणं' विसरा. त्यासाठी लोक आयटी कायद्याचं आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजबद्दलचं 66 अ कलम वापरायचे, 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्ट आणि लाइकवरून अटक झाली होती, आठवत असेल, त्यावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 24 मार्च 2015 ला ते कलमच रद्द झालं. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, पूर्वी दंड संहितेचं 499 आणि 500 होतं. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण तो अदखलपात्र आहे, पोलीस उठून बेड्या घालत नाहीत, तुम्हालाच मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते. दिवाणी दावा लावून भरपाई मागायची असेल तर मुदत एक वर्ष आहे, ती मात्र लक्षात ठेवा. ॲडमिनचं म्हणाल तर आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजबद्दल नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून कट असेल तर गोष्ट वेगळी. बिचाऱ्याला सोडा.

माझं मत विचाराल तर केस ही दुसरी पायरी. केस लावलीत की सोसायटीत दोन पार्ट्या पडतील, तारखा पडत राहतील आणि तोवर 'त्या लिफ्टच्या केसमधले काका' अशीच तुमची ओळख होऊन बसेल. तुमच्याकडे त्याहून चांगलं हत्यार आहे, हिशोब. सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीचं दर वर्षी ऑडिट होतंच, त्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट, लिफ्टची कोटेशनं, कमिटीचा ठराव आणि चेकचे नंबर एवढं बाहेर काढा. कायद्याने सभासदाला कागद बघायचा हक्क आहे, तो वापरून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट आजच काढून ठेवा, उद्या 'धिस मेसेज वॉज डिलीटेड' दिसेल. मग वार्षिक सभेत, ती 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी, विषयपत्रिकेवर लिफ्टचा खर्च घ्यायला लावा आणि उभं राहून एक एक चेक वाचून दाखवा. आवाज चढवायचा नाही. शेवटी त्या गृहस्थाला एवढंच म्हणायचं की यातला कुठला चेक मी खाल्ला ते दाखवा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्तात आलं की पुढे केसलाही ते उपयोगी पडतं. आणि ग्रुपवर आत्ता काही लिहायचंच असेल तर दोन ओळी, 'आरोप खोटा आहे, सगळे कागद सभेत ठेवतो.' रात्री बारानंतर तर अजिबात लिहू नका.

वहिनींना मात्र सांगा, उद्यापासून फिरायला जा. त्या घरात बसल्या की लोकांना वाटतं काहीतरी आहे.

प्रश्न (नगर): आमच्या पतसंस्थेबद्दल गावात बोललं जातंय की बुडणार. चेअरमन देवमाणूस आहे, वारीला जातो, संस्थेचं नाव पंचक्रोशीत चांगलं आहे. ठेव काढू की ठेवू?

उत्तर: नुसत्या अफवेवरून पळू नका, 2003 मध्ये गुजरातेत आयसीआयसीआय बँकेबद्दल अशीच आवई उठली, एटीएमबाहेर रांगा लागल्या आणि बँकेला काहीही झालं नव्हतं. पण चेअरमन वारीला जातो म्हणून ठेवूही नका. पीएमसी बँकेचं नाव 23 सप्टेंबर 2019 च्या आदल्या दिवशीपर्यंत चांगलंच होतं की, आणि दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे खातेदाराला हजार रुपयांच्या वर हात लावता येईना. आत कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त एकाच बिल्डर ग्रुपला गेलेलं, आणि ते लपवायला वीस हजारांवर बोगस खाती! तेव्हा नाव बघून झालं की कागद मागा. ऑडिटमध्ये संस्थेला दिलेला वर्ग कुठला, थकबाकी किती टक्के, मोठी कर्जं कुणाला, संचालकांच्या नातेवाइकांना किती, हे वार्षिक अहवालात शोधा, नसेल तर सभेत विचारा. आणि ही एक गोष्ट बऱ्याच ठेवीदारांना माहिती नसते: पाच लाखांपर्यंतचं जे ठेव विम्याचं संरक्षण आहे ते बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. एक टक्का व्याज जास्त मिळतंय ते याच जोखमीचं. सगळी पुंजी एका ठिकाणी असेल तर अफवा असो नसो, वाटून ठेवा.

प्रश्न (ठाणे): दर सीझनला मी आंब्याचा स्टॉल लावतो. माल वाशी मार्केटमधून उचलतो. खरं सांगतो, अर्धा माल कर्नाटकचा असतो, पण गिऱ्हाईक आल्या आल्या 'देवगडच ना?' विचारतं. हो म्हणावं लागतं. पेट्या देवगड छापलेल्या मिळतात, आत मराठी पेपरची रद्दी. सगळेच करतात. आंबा गोडच असतो, कुणाचं पोट दुखत नाही. पण गेल्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाने पेटी परत आणून दिली आणि काही न बोलता निघून गेला. ते लागलंय मनाला. यात एवढं चुकीचं आहे का?

उत्तर: दादा, पत्र लिहिलंत म्हणजे उत्तर तुम्हाला माहितीच आहे. तरी सांगतो, कारण स्टॉलवाले हे वाचतील.

आधी कायदा. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण जीआय म्हणतो ते, मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, या पाच जिल्ह्यांतला आंबाच हापूस या नावाने विकता येतो. खोटं मानांकन लावून विकलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. स्टॉलवर धाड क्वचित पडते हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही, म्हणून कायद्याची भीती घालत नाही.

तुम्ही म्हणता कुणाचं पोट दुखत नाही. देवगडच्या बागायतदाराचं दुखतं. तो थंडीत मोहोर यायची वाट बघतो, अवकाळी पाऊस आला की मोहोर काळा पडतो, तुडतुड्यांसाठी फवारणीवर फवारणी, रात्री वानरांची राखण, आणि एवढं करून पेटी वाशीला पोचते तेव्हा शेजारी त्याच नावाची दुसरी पेटी निम्म्या भावात उभी असते. ज्याने पहिल्यांदा पैसे मोजून देवगड म्हणून कर्नाटकचा आंबा खाल्ला तो माणूस म्हणतो, 'हापूस हापूस म्हणतात त्यात काही राम नाही राव.' तो तुमच्या स्टॉलला नाव ठेवत नाही, देवगडला ठेवतो. हे नाव कुणा एकाचं नाही, सगळ्या तालुक्याचं आहे, आणि ते जातं कसं तर तुम्ही एका पेटीमागे सुटे पैसे काढावेत तसं थोडं थोडं. शेवटी बागायतदारांनाच उपाय शोधावा लागला, देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या सीझनपासून प्रत्येक फळावर एकदाच वापरता येणारा, नंबर असलेला स्टिकर काढला, गिऱ्हाइकाने फोटो पाठवून खातरजमा करायची. म्हणजे बघा, जे काम पूर्वी नुसत्या 'देवगडचा आहे' या शब्दावर व्हायचं त्याला आता प्रत्येक फळाला खर्च करावा लागतो.

आणि गिऱ्हाइकाला कळत नाही असं समजू नका. कोकणातल्या हापूसची साल पातळ, पिकला की जराशी सुरकुतते, गर केशरी, आणि पेटी घरात आली की वास दारातच लागतो. कर्नाटकचं फळ दिसायला जास्त चकचकीत, साल जाड, गर पिवळसर. ज्याच्या घरी दोन पिढ्या कोकणातून पेटी येते त्याला कापायचीही गरज पडत नाही. तुमचं ते जुनं गिऱ्हाईक त्यातलं असणार. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणारं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं.

कर्नाटकचा आंबा विकू नका असं मी म्हणतच नाहीये, तो पण कुणीतरी घाम गाळूनच पिकवतो, आणि मेच्या शेवटी कोकणचा माल आटला की आमरसाला चांगला चालतो. स्टॉलवर दोन ढीग करा, दोन पाट्या लावा, दोन भाव लावा. छापील पेट्या घेणं बंद करा, साध्या खोक्यात द्या. देवगडचा माल घ्याल तो स्टिकरवाला घ्या आणि गिऱ्हाइकासमोर एक फळ तपासून दाखवा, चार लोक बघतात. पहिल्या सीझनला शेजारचा स्टॉलवाला तुमच्यापेक्षा जास्त विकेल, कारण त्याच्याकडे सगळंच देवगड असेल, त्याची तयारी ठेवा आणि माल थोडा कमी उचला. त्या पेटी परत देणाऱ्या माणसाचा नंबर असेल तर मार्चमध्ये पहिली खरी पेटी आली की फोन करा, आधी गेल्या वर्षीचं कबूल करा आणि मग भाव सांगा. घेईल की नाही सांगता येत नाही.